पाणी कुठे साचतं, ते नकाशाला कोण सांगणार?



आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. जूनमधला पहिला मोठा पाऊस कोसळला, की तुमच्या गल्लीत पाणी सगळ्यांत आधी कुठे साचतं?

आलं ना उत्तर पटकन? कुणी म्हणेल, पिठाच्या गिरणीपुढे. कुणी म्हणेल, रिक्षा स्टँडच्या कोपऱ्यावर, तिथे दरवर्षी बाबांची स्कूटर बंद पडते. काही जण तर पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि ओसरायला किती वेळ लागतो, तेसुद्धा सांगतील. कागदी होड्या सोडणाऱ्यांना या गोष्टी शिकवाव्या लागत नाहीत.

आता दुसरा प्रश्न, जरा अवघड. तुम्हाला माहीत असलेली ही गोष्ट महानगरपालिकेला माहीत आहे का?

"असणारच की टीचर, गटारं तेच बांधतात ना!" आमच्या चौथीच्या वर्गातून हे उत्तर आलं होतं. पण विचार करा. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत १२ लाखांहून अधिक माणसं मोजली गेली. त्यानंतर किती नव्या इमारती उभ्या राहिल्या, ते तुम्ही बघताच आहात. एकेका अभियंत्याच्या वाट्याला केवढे तरी रस्ते येतात. त्याची बदली होते, नवा माणूस येतो. त्याच्या टेबलावर नकाशा असतो. नकाशात रस्ता दिसतो, नाला दिसतो, इमारत दिसते. पावसाचं पाणी कोणत्या फाटकाखालून कुणाच्या अंगणात शिरतं, ते काही दिसत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. कुणी सांगायचं, कुणाला आणि केव्हा, ते आज पाहू या.

त्याआधी आपल्या वसईची ठेवण लक्षात घ्या हं. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणा आणि दक्षिणेला वसईची खाडी. डोंगरावर पडलेलं पाणी उतारानं पश्चिमेकडे धावतं. वाटेत मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो, मग रेल्वेचा भराव आडवा येतो. दोन्हींखालून पाणी जायला मोऱ्या आहेत, पण मोरीचं तोंड तेवढंच आणि पाणी मात्र वाढलेलं. त्यापुढे खाजणं आणि मिठागरं. आणि नेमकी त्याच वेळी भरती असली, तर समुद्र ते पाणी आत घ्यायला तयार नसतो.

पश्चिमेकडच्या गावांत राहणाऱ्या मुलांना बावखल हा शब्द माहीत असेल. नालासोपाऱ्याच्या किंवा वसई रोडच्या इमारतींत राहणाऱ्यांना कदाचित नसेल, म्हणून सांगते. बावखल म्हणजे वाडीला पाणी मिळावं म्हणून माणसांनी खणलेलं छोटं तळं. केळी, पानवेली, भाजीपाला, फुलझाडं यांचं शिंपणं त्यावर चालायचं. काठावर रहाट असे, रहाटाला बैल नाहीतर रेडा जुंपलेला असे. एका बावखलावर अनेकदा तीन-चार घरांचा हक्क असायचा आणि पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असायच्या. आजीला विचारून बघा, पाळीवरून झालेली भांडणंही ती रंगवून सांगेल!

समुद्राजवळच्या जमिनीत एक गंमत असते. जमिनीखाली गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं पाणी त्याच्या खाली असतं, कारण खारं पाणी जड. बावखलात पावसाळाभर साठलेलं पाणी हळूहळू मुरायचं आणि वरच्या गोड्या थराला भर घालायचं. त्यामुळे आसपासच्या विहिरी गोड राहायच्या. मोटारी लावून भसाभस उपसा सुरू झाला, की गोडा थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर सरकतं. शिवाय मोठ्या पावसात रस्त्यावर येणारं पाणी आधी बावखलांच्या पोटात जायचं. खणली होती शेतीसाठी, पण हे दुसरं कामही ती न सांगता करत होती.

मग रहाट गेले, वाड्या कमी झाल्या आणि बावखल म्हणजे नुसता खड्डा, असं वाटू लागलं. खड्डा दिसला की आपण काय करतो? भरतो! अनेक बावखलं भरणी टाकून बुजवली गेली.

जुलै २०१८ मध्ये काय झालं, ते तुमच्या ताई-दादांना चांगलं आठवत असेल. दुसऱ्या आठवड्यात पाऊस थांबेचना. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. वसईच्या मिठागर वस्तीतली माणसं पाण्यानं वेढली गेली. त्यानंतर महानगरपालिकेनं आयआयटी मुंबई आणि नागपूरची नीरी या दोन नावाजलेल्या संस्थांच्या तज्ज्ञांना बोलावून पुराची कारणं शोधायला सांगितलं. त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक होता, पावसाचं पाणी थोडा वेळ धरून ठेवणारे तलाव. भरती असेतो पाणी तिथे थांबवायचं, ओहोटी लागली की सोडायचं.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. एकीकडे पाणी धरणारी तळी हवीत म्हणून तज्ज्ञ सांगतात आणि दुसरीकडे आपल्याच गल्लीतलं तळं रात्रीत बुजतं! मोठा तलाव आणि छोटी बावखलं एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत, हे खरं. पण तज्ज्ञ काही प्रत्येक आळीत राहू शकत नाहीत. कोणत्या आळीत कोणतं बावखल अजून जिवंत आहे, हे तिथली माणसंच सांगणार. गेल्या काही वर्षांत वसईतल्या बऱ्याच गावांत तरुण मुलामुलींनी रविवारी श्रमदान करून बावखलं साफ केली, जलपर्णी उपसली. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. मात्र साफ केलेलं बावखल पुढच्या वर्षीही जागेवर राहायचं असेल, तर त्याचं नाव कागदावर यायला हवं.

कोणत्या कागदावर? तर शहराच्या विकास योजनेत.

विकास योजना म्हणजे पुढच्या सुमारे वीस वर्षांसाठी शहराचं चित्र. कुठे रस्ता होणार, कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे खेळाचं मैदान, हे नकाशावर रंगांनी दाखवतात. मैदानासाठी किंवा बागेसाठी जागा राखून ठेवली, की तिला आरक्षण म्हणतात. पण आरक्षण पडलं म्हणजे मैदान मिळालंच, असं नाही बरं का! महाराष्ट्राचा नगररचना कायदा १९६६ सालचा आहे. त्यानुसार दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. मग ठरलेल्या मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण सुटतं आणि जागा मालकाला मोकळी होते. मालकाची यात चूक नाही, तो तरी किती वर्षं थांबणार? पण तुमचं मैदान गेलं ते गेलंच. म्हणून आपल्या भागात कोणकोणती आरक्षणं आहेत, हे आईबाबांनी एकदा तरी पाहून ठेवावं, असं मला फार वाटतं. घर घेताना आपण टाईल्स बघतो, नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारतो. शेजारच्या मोकळ्या जागेचं पुढे काय होणार, हे सहसा कुणी विचारत नाही.

वसईत या नकाशावरून मोठा लढा झालेला आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी इथल्या हिरव्या पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली आणि विहिरींचं पाणी टँकर भरभरून बाहेर जाऊ लागलं. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीतर्फे गावोगावच्या लोकांना एकत्र केलं. शेतकरी, बायाबापड्या, शिक्षक, सगळे रस्त्यावर उतरले. हेच फादर दिब्रिटो पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. १९९० साली इथलं नियोजन सरकारनं सिडकोकडे सोपवलं आणि त्या विकास योजनेला अखेर २००७ मध्ये मंजुरी मिळाली. किती वर्षं झाली, वजाबाकी करा! मधल्या काळात इमारती काही थांबल्या नव्हत्या.

आता कायद्यातली एक गोष्ट सांगते, ती मोठ्यांनाही बहुधा नवीन वाटेल. विकास योजनेचा पहिला मसुदा तयार झाला, की तो लोकांसाठी जाहीर करावा लागतो. ठरावीक मुदतीत त्यावर लेखी हरकती आणि सूचना देता येतात. त्या कुणी द्यायच्या? कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' अशा अर्थाचे शब्द आहेत. मतदार असला पाहिजे, अशी अट तिथे नाही. म्हणजे चौथीतली मुलगीसुद्धा लिहू शकते. नंतर एक नियोजन समिती त्या हरकतींची सुनावणी घेते. मुदत मात्र थोडी असते आणि जाहिरात वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत येते. ती हुकली, की मग पुढची वीस वर्षं कुरकुरत बसायचं.

बरं, वीस वर्षांची गोष्ट सोडा. आपल्या गल्लीतलं गटार या वर्षी व्हायचं असेल तर?

त्यासाठी प्रभाग समिती. आपली महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. त्याआधी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका होत्या आणि भोवतालच्या गावांना ग्रामपंचायती होत्या. गावात ग्रामसभा भरायची. तिथे कुणीही उठून 'सरपंच, आमच्या आळीची मोरी कधी करणार?' असं विचारू शकायचं. महापालिकेत जायला कित्येक गावांनी जोरदार विरोध केला. २९ गावांचा प्रश्न तर वर्षानुवर्षं कोर्टात राहिला. विरोधाची कारणं बरीच होती. आपल्या तोंडावर प्रश्न विचारायची जागा जाईल, ही धास्ती मला त्यांतली सगळ्यांत समजण्यासारखी वाटते.

शहरासाठी ग्रामसभेसारखं काही नाहीच का? कायद्यात आहे. १९९३ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. वसई-विरारमध्ये अशा नऊ आहेत. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे या समितीवर त्या भागात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. म्हणजे नगरसेवकांच्या शेजारी एखाद्या महिला मंडळाच्या कार्यकर्त्या मावशीसुद्धा बसू शकतात. २००९ मध्ये आणखी एक तरतूद आली, ती क्षेत्र सभेची. दोन ते पाच मतदान केंद्रांच्या परिसरातल्या सगळ्या मतदारांची ही सभा. तिनं आपल्या भागातली कामं सुचवायची, कोणतं आधी आणि कोणतं मागून, ते सांगायचं. कल्पना छानच! पण आईबाबांना विचारा, क्षेत्र सभेला कधी गेलात का म्हणून. बहुतेक जण म्हणतील, ती काय असते? त्यात भर म्हणजे आपल्याकडे जून २०२० मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि नंतरची काही वर्षं निवडणूकच झाली नाही. कारभार प्रशासकाच्या हाती होता. तोंडावर प्रश्न विचारायला नगरसेवकही नव्हता.

लोकसहभाग हा शब्द तुम्ही फलकांवर वाचला असेल. एक मात्र ओळखायला शिका. काही वेळा लोकांना बोलावतात ते फक्त झाड लावतानाचा फोटो काढण्यापुरतं. कोणतं झाड, कुठे आणि पाणी कोण घालणार, ते आधीच ठरलेलं असतं, किंवा कुणीच ठरवलेलं नसतं. सहभाग खरा असेल, तर पैसे कुठे खर्च करायचे हे ठरण्याआधी विचारतात.

पुण्यात तसा प्रयोग झाला. २००६ पासून पुणे महानगरपालिकेनं अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवायला सुरुवात केली. अंदाजपत्रक म्हणजे वर्षभराच्या जमाखर्चाचा आराखडा. अर्ज भरायचा, आपल्या प्रभागातलं पाच लाख रुपयांपर्यंतचं काम सुचवायचं. पदपथ, दिवे, बसथांब्याजवळचं बाकडं, असली कामं. अभियंते ती तपासतात आणि जमणारी कामं पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जातात. सगळी होतात असं नाही, आणि अर्ज भरणारे लाखो पुणेकरांत मूठभरच असतात. तरीही वाट तर पडली. ही कल्पना मूळची ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराची, १९८९ ची. आणि ऐका, त्याच देशात बार्रा मान्सा नावाच्या गावात १९९८ मध्ये मुलांची समितीच नेमली गेली. १८ मुली आणि १८ मुलगे, मुलांनीच निवडून दिलेले! गावाच्या खर्चातला थोडा भाग कशावर खर्च करायचा, ते ही समिती सांगायची.

आपल्याकडे अशी समिती नाही. मग आम्ही वर्गात काय केलं, ते सांगते.

परिसर अभ्यासाच्या तासाला पाण्याचा नकाशा काढायचा ठरवलं. शाळेभोवतीच्या गल्ल्या फळ्यावर काढल्या. मुलांनी आठवडाभर निरीक्षण करून पाणी वाहतं तिथे निळे बाण आणि साचतं तिथे लाल फुल्या मारल्या. इमारतीतली मुलं आणि वाडीतली मुलं एकाच कागदावर काम करत होती, म्हणून एक गोष्ट कळली, एरवी कळली नसती. इमारतीतल्या मुलांच्या सगळ्या लाल फुल्या एका मोरीजवळ होत्या. आणि वाडीतल्या एका मुलाचे आजोबा म्हणाले, "त्या मोरीचं पाणी पूर्वी मागच्या बावखलात जायचं." आम्ही जाऊन पाहिलं. मोरीचं तोंड प्लास्टिकनं बंद. पलीकडे अर्धं बावखल राडारोड्यानं भरलेलं.

मुलांच्या नकाशावरून पालकांनी अर्ज लिहिला. इमारतींचे सेक्रेटरी, गावातलं मंडळ, सगळ्यांनी सह्या केल्या. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि प्रभाग कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेतली. (हे कधीही विसरू नका. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे न लिहिलेला अर्ज!) तीन आठवडे काहीच झालं नाही. मग पुन्हा फेरी, पुन्हा शिक्का. शेवटी अभियंते आले. त्यांनी मुलांचा नकाशा हातात घेऊन गल्लीतून चक्कर मारली आणि मान्सूनपूर्व सफाईत ती मोरी उघडून घेतली. त्या पावसात लाल फुल्यांपैकी निम्म्या पुसता आल्या.

बावखलाचं मात्र तसं सोपं नव्हतं. जागेचे मालक काका स्वतः शाळेत आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "टीचर, मला दोन मुलगे. घर वाढवायला हीच जागा आहे. पाणी सगळ्या गल्लीचं, मान्य. पण नुकसान माझ्या एकट्याचं का?" वर्ग गप्प झाला. मीही लगेच उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न रास्त होता. आरक्षण पडलं तर मालकाला मोबदला मिळू शकतो, पण त्यासाठी आधी ते तळं म्हणून नकाशावर यायला हवं, आणि नंतर मोबदलाही वेळेवर मिळायला हवा. दुसरा मार्ग एका मुलीनं सुचवला. जेवढं उरलंय तेवढं राखायचं, गाळ आम्ही काढू, काकांनी बाकीच्या भागात बांधावं. काकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "बघू," म्हणाले. राडारोडा टाकणं सध्या थांबलंय.

मुलांनी नकाशाची नवी प्रत काढली आहे. त्यात ते बावखल निळ्या रंगानं भरलंय, शेजारी लांबी-रुंदी पावलांनी मोजून लिहिली आहे आणि आजोबांनी सांगितलेलं जुनं नावही. नगररचना विभागाला द्यायच्या अर्जाला ही प्रत जोडली आहे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्या गल्लीचा नकाशा काढायला पावसाची वाट पाहावी लागेल असं नाही. भिंतींवर मागच्या वर्षीच्या पाण्याच्या रेषा असतात, त्या जमिनीपासून किती उंच आहेत ते पट्टीनं मोजा. एकटे नाल्याकाठी जाऊ नका, मोठ्या कुणाला तरी सोबत घ्या. शेजारच्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, इथे पूर्वी काय होतं. जुनी नावं नीट लिहून घ्या, कारण ती सहसा कुठेच लिहिलेली नसतात. आणि नकाशा तयार झाला, की त्याची एक प्रत माझ्याकडे पाठवा.

तुमची,
टीचर